वैनगंगेचा पूर आणि जोखमीचा हिशेब

जोखीम हा शब्द पूर्वी सावकाराच्या ओट्यावर ऐकू येई. आज तो विद्यापीठांतून, रिझर्व्ह बँकेच्या कागदांतून आणि मोठ्या वित्तसंस्थांच्या अहवालांतून ऐकू येतो. हवामान बदलते आहे, शहरे फुगत आहेत, तेव्हा त्यांत गुंतलेला पैसा किती सुरक्षित आहे, याचा शोध घेणारे एक नवे संशोधन जगभर उभे राहिले आहे. हे संशोधन खोटे नाही आणि निरुपयोगीही नाही. परंतु ते मोजते काय, मोजण्याचे माप कोणाचे, आणि त्या मापात न मावणाऱ्या माणसाचे काय होते, हे प्रश्न विचारल्यावाचून आपल्याला पुढे जाता येणार नाही. भंडारा जिल्ह्यासारखा धानाचा, तलावांचा आणि पुराचा जिल्हा समोर ठेवला म्हणजे हे प्रश्न अधिक स्पष्ट होतात.

१. शब्दामागचा अर्थ

सप्टेंबर २०१५ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी लंडनमध्ये विमा व्यावसायिकांपुढे एक भाषण केले. हवामानबदल हा पर्यावरणवाद्यांपुरता विषय नसून बँका आणि विमा कंपन्या यांच्या स्थैर्याचा विषय आहे, असे त्यांनी सांगितले. पूर, वादळ, उष्णता यांनी मालमत्तेचे थेट नुकसान होते, ही एक जोखीम. कोळसा-तेलाकडून दुसऱ्या इंधनाकडे जाताना जुन्या उद्योगांची किंमत कोसळते, ही दुसरी. आणि नुकसान झालेले लोक भरपाईसाठी दावे लावतात, ही तिसरी. आपल्या रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२१ मध्ये या विषयावर काम करणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या जागतिक गटाचे सभासदत्व घेतले आणि जुलै २०२२ मध्ये हवामानाच्या जोखमीवर एक चर्चापत्र काढले. म्हणजे हा विषय आता परदेशी राहिलेला नाही.

शास्त्रज्ञ जोखमीचे तीन घटक सांगतात. पहिला घटक संकट: नदीला पूर येणे, पाऊस न पडणे, ऊन वाढणे. दुसरा घटक तडाख्यात सापडणे: त्या पुराच्या वाटेवर घर, शेत, माणूस, गुरे असणे. तिसरा घटक दुर्बलता: सापडल्यानंतर तग धरण्याची ताकद नसणे. एकाच काठावर विटा-सिमेंटचे दुमजली घर आणि कुडाचे घर असेल तर संकट एकच असते, सापडणेही एकच असते. पण पाणी ओसरल्यावर एक घर पुसून काढता येते आणि दुसरे नव्याने बांधावे लागते.

इथवर हा विचार आपल्या बाजूचा आहे. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. वित्तसंस्थांना जोखीम रुपयांत हवी असते. रुपयांत मांडायची म्हणजे तडाख्यात सापडलेल्या वस्तूची किंमत धरावी लागते. दुमजली घराची किंमत वीस लाख, कुडाच्या घराची वीस हजार. पहिल्याचा दहावा भाग गेला तर नुकसान दोन लाख. दुसरे संपूर्ण वाहून गेले तरी नुकसान वीस हजार. या हिशेबात जास्त जोखीम कोणाची ठरली? ज्याचे काही बिघडले नाही त्याची. २०२३ साली एक्सडीआय या संस्थेने जगातील दोन हजार सहाशेहून अधिक राज्ये व प्रांत यांची हवामानाच्या जोखमीनुसार क्रमवारी लावली, आणि महाराष्ट्र पहिल्या पन्नासांत आला. ही क्रमवारी बांधलेल्या मालमत्तेच्या नुकसानीवरून लावलेली आहे. जिथे जास्त बांधलेले, तिथे जास्त गमावण्यासारखे. हे माप गुंतवणूकदाराच्या कामाचे आहे. पण ज्याने काही बांधलेच नाही, किंवा ज्याला बांधू दिलेले नाही, तो या मापात शून्य आहे. मालमत्तेपासून दूर ठेवलेला समाज जोखमीच्या नोंदवहीतूनही बाहेर राहतो, हा या विद्येतला मूळ दोष आहे.

२. पाऊस कसा बदलला

भंडाऱ्याचा विचार करताना संकटाचे स्वरूप आधी पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली असे दाखवून दिले की, मध्य भारतात १९५१ ते २००० या काळात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटना घटल्या. त्याच संस्थेतील एम. के. रॉक्सी व सहकाऱ्यांनी २०१७ साली १९५० ते २०१५ या काळाचा अभ्यास मांडला. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे.

याचा शेतकऱ्याच्या भाषेतला अर्थ असा की, पावसाळ्याची बेरीज फारशी बदलली नाही तरी पावसाची वाटणी बदलते. रोवणीच्या वेळी पऱ्हे पिवळी पडेपर्यंत पाऊस दडी मारतो, आणि धान निसवायच्या सुमारास तीन दिवसांत महिन्याचा पाऊस होतो. सरासरीच्या तक्त्यात हे वर्ष ‘सामान्य’ म्हणून नोंदले जाते. बांधीत मात्र ते दुष्काळाचेही असते आणि पुराचेही. सरासरी हा आकडा किती दगा देतो, हे विम्याचा विचार करताना पुन्हा दिसेल.

३. नदी वरची आणि खालची

वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून भंडारा-गोंदियाच्या भूमीत उतरते. शिवनी जिल्ह्यातच तिच्यावर संजय सरोवर हे मोठे धरण आहे. पेंचवर तोतलाडोहचे धरण आहे. पेंचचे पाणी कन्हानमध्ये येते आणि कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे. भंडारा शहर या वरच्या आणि खालच्या दारांच्या मधोमध आहे.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले, आणि २९ ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत वैनगंगेच्या खोऱ्याने महापूर पाहिला. गोसीखुर्दची सर्व तेहतीस दारे उघडली गेली. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, नदीकाठची गावे वेढली गेली, उभे धान पाण्याखाली गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्ह्याने पुन्हा पूर पाहिला. भंडाऱ्याच्या आकाशात पाऊस नसतानाही भंडाऱ्यात पूर येऊ शकतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. दार उघडण्याचा निर्णय एका राज्यात होतो, पाणी दुसऱ्या राज्यात चढते. त्या निर्णयाची सूचना किती तास आधी मिळते, यावर कोणाची गुरे वाचतील आणि कोणाचे धान्य कोरडे राहील हे ठरते. निसर्गाच्या खात्यावर टाकलेल्या पुष्कळ संकटांत माणसांच्या कारभाराचा भाग असतो.

गोसीखुर्दची कहाणी तर अधिक बोलकी आहे. एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. २००९ साली हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न दाखवून गावे उठवली गेली. सरकारने पैशाची जोखीम घेतली. ती वाढीव अंदाजपत्रकांत मुरून गेली. उठवलेल्या माणसांनी जी जोखीम घेतली ती कोणत्याही अंदाजपत्रकात मुरली नाही. ती नव्या गावठाणाच्या पाणी नसलेल्या नळांत, कामाला न मिळणाऱ्या हातांत आणि मोर्च्यांत राहिली. ज्याची जमीन गेली त्याला निदान मोबदल्याचा कागद मिळाला. त्याच्या शेतात राबणाऱ्याची मजुरी गेली, त्याची नोंद कोणत्या कागदात आहे?

याच खोऱ्यात शहर आणि खेडे यांचे नाते उघडे पडते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, आणि गोसीखुर्दच्या साठ्यात थांबते. नागपूरला पिण्याचे पाणी पेंच आणि कन्हान या याच खोऱ्यातल्या नद्यांतून मिळते. चांगले पाणी वर थांबवायचे आणि वापरलेले पाणी खाली सोडायचे, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. पाणवठ्याची उतरंड गावात जातीने ठरत होती. आता ती नदीच्या लांबीवर पसरली आहे.

तलावांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते त्यांच्यामुळे. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या जाणकारांनी ते बांधले. तलाव हा जोखमीवरचा जुना उपाय आहे: अतिवृष्टीचे पाणी तो अडवतो आणि खंड पडला की तेच पाणी बांध्यांना देतो. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे आले, आणि पुढे गाळ व अतिक्रमण यांनी त्यांची पोटे भरत गेली. त्यांचे पुनरुज्जीवन व्हावे यात वाद नाही. परंतु जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना, पाळीवर माती टाकणारे हात आणि पाण्यावर हक्क सांगणारे हात एकच होते काय, हे विचारले पाहिजे. पाणी अडवणे हा एक प्रश्न आणि पाणी कोणाचे हा दुसरा. महाडच्या चवदार तळ्याने १९२७ साली हा दुसरा प्रश्न विचारला. गाळ उपसण्याच्या योजनेत तो आजही विचारावा लागेल.

४. धानाच्या विम्याचा हिशेब

आता पैशाकडे येऊ. २०१६च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. खरिपातील अन्नधान्यासाठी शेतकऱ्याने विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरायचा, उरलेला केंद्र व राज्य यांनी, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळू लागला. २०२५च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन पुन्हा २ टक्के आले. हप्त्याची चर्चा वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. भरपाई कशी ठरते याची चर्चा मात्र फार थोडी होते. आणि खरे मर्म तिथे आहे.

ही योजना मुख्यतः क्षेत्रावर चालते, एकेका शेतावर चालत नाही. महाराष्ट्रात ते क्षेत्र म्हणजे सामान्यतः महसूल मंडळ. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के करायचे. हे झाले उंबरठा उत्पादन. चालू वर्षी मंडळातील काही ठरावीक शेतांत पीक कापणी प्रयोग करून सरासरी काढायची. ती उंबरठ्याखाली गेली तर जेवढी तूट तेवढ्या प्रमाणात भरपाई मिळते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मंडळात सारख्या क्षेत्राची पंधरा गावे आहेत. चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी २० क्विंटल. उंबरठा १४ क्विंटल. पूर आला आणि नदीकाठच्या तीन गावांचे धान पूर्ण सडले. वरच्या बारा गावांत २० क्विंटल पिकले. मंडळाची सरासरी झाली १६ क्विंटल. ती उंबरठ्याच्या वर आहे. म्हणजे ज्या तीन गावांत दाणाही आला नाही तिथल्या शेतकऱ्याला या हिशेबाने एक पैसाही नाही. आता समजा तीनच्या ऐवजी पाच गावे बुडाली. सरासरी १३.३३ क्विंटल झाली, तूट ०.६७ क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर सर्वस्व गेलेल्याला सुमारे २,४०० रुपये मिळतील, आणि भरघोस पीक घेतलेल्या वरच्या गावातल्या विमाधारकालाही तेवढेच मिळतील. काठावरचे नुकसान मंडळाच्या सरासरीत विरघळते. नदीला सरासरी ठाऊक नसते. ती काठावरच्याच गावात शिरते.

याला उपाय म्हणून योजनेत स्थानिक आपत्तीचे कलम होते: गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणे, अशा वेळी एकेका शेताची पाहणी करून भरपाई. पण २०१८ साली नियम सुधारले गेले आणि धानासारख्या पाण्यात वाढणाऱ्या पिकांसाठी ‘शेत जलमय होणे’ हे कारण वगळले गेले. बुडालेल्या धानाचे नुकसान मोजणे अवघड, आणि खोटे दावे येण्याची भीती, अशी कारणे त्यामागे होती. धानाला पाणी लागते हे खरे. पण घोट्याएवढे पाणी आणि आठवडाभर डोक्यावरून वाहणारे गढूळ पाणी यांतला फरक बांधीत उतरलेल्या कोणत्याही बाईला कळतो. कागदावर तो पुसला गेला. आणि २०२०चा महापूर आला तो या वगळण्यानंतर. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, २०२६च्या खरिपापासून धान बुडण्याचे कारण पुन्हा धरले जाईल. त्यासाठी ७२ तासांच्या आत मोबाईलच्या ॲपवर छायाचित्रासह सूचना द्यावी लागणार आहे. शिवाय महाराष्ट्राने २०२५च्या खरिपात स्थानिक आपत्तीचे संरक्षणच योजनेतून काढले होते. म्हणून केंद्राची घोषणा बांधीपर्यंत पोचते की नाही, हे राज्याच्या अधिसूचनेत वाचून पाहावे लागेल. घोषणा वाचून समाधान मानणे आणि अधिसूचना वाचून प्रश्न विचारणे, यांत कार्यकर्त्याचे काम दुसरे आहे.

सरासरीचा आणखी एक दगा आहे. विमा गेलेल्या वर्षांवरून येणारे वर्ष मापतो. हवामान स्थिर असेल तोवर हे ठीक. परंतु वाईट वर्षे जवळजवळ येऊ लागली की सरासरीच खाली येते, तिच्याबरोबर उंबरठा खाली येतो, आणि संकट वाढत असताना भरपाईचा हक्क आकसतो. वाईट दोन वर्षे वगळण्याची सोय आहे, पण सातांत वाईट वर्षे तीन झाली तर तिसरे हिशेबात शिरतेच. विम्याचे सारे शास्त्र असे गृहीत धरते की सगळ्यांवर एकाच वेळी संकट येत नाही. एकाचे घर जळते तेव्हा इतर नव्व्याण्णवांचे हप्ते त्याला सावरतात. वैनगंगेच्या पुरात सगळा काठ एकाच रात्री बुडतो. तेव्हा खोऱ्यापुरता विमा पुरत नाही. जोखीम साऱ्या समाजाने, म्हणजे शासनाने, अंगावर घ्यावी लागते.

५. सातबाऱ्याबाहेरचा माणूस

आतापर्यंत जो शेतकरी बोलला तो सातबारा असलेला शेतकरी. २०११च्या जनगणनेप्रमाणे भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख; तिचा सुमारे सहावा हिस्सा अनुसूचित जातींचा. या समाजातील फार मोठा भाग भूमिहीन किंवा नावापुरती जमीन असलेला आहे. तो दुसऱ्याची जमीन ठेक्याने, बटईने करतो किंवा मजुरीला जातो. ठेका तोंडी असतो. नियमात कूळ आणि वाटेकरी यांना विमा घेता येतो, पण त्यासाठी कागद लागतो, आणि कागद करून दिला तर जमीन जाईल अशी भीती मालकाला वाटते. परिणामी बियाणे, खत, नांगरणी यांचा खर्च ठेकेदाराचा. आणि विमा व सरकारी मदत ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याची. पुरात पीक एकाचे जाते आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात येतात.

त्याच्याही खाली रोवणीच्या बाया आहेत. पाऊस दोन आठवडे लांबला की त्यांचे दोन आठवड्यांचे काम हातचे जाते किंवा साऱ्यांची रोवणी एकदम येऊन थोड्या दिवसांत संपते. पुराने धान सडले की कापणी आणि चुरणा यांची मजुरी गेली. योजनेत पेरणीच न झाल्यास भरपाईचे कलम होते, तेही जमीनधारकासाठी. मजुराच्या हुकलेल्या दिवसाला विम्याच्या भाषेत शब्द नाही, कारण दिवस ही मालमत्ता नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली असा अंदाज दिला की, उष्णतेमुळे भारतात २०३० पर्यंत ५.८ टक्के कामाचे तास बुडतील. म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ कामांएवढे. ऊन आणि दमट हवा यांत वाकून काम करणाऱ्यांचा हा हिशेब आहे. हा आकडा रुपयांत मांडला तर लहान दिसेल, कारण त्यांची मजुरीच लहान आहे. तासांत मांडला म्हणून तो मोठा दिसला. माप बदलले की माणूस दिसू लागतो.

गावात काम नसले की नागपूर साठ किलोमीटरवर आहे. तिथे गेलेला माणूस बहुधा नाल्याच्या किंवा नदीच्या काठावरच्या झोपडीत राहतो. कारण बाजाराने नाकारलेली जागाच त्याला परवडते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. त्या पुरात मध्यमवर्गाची घरेही बुडाली. पण मोटारीला विमा असतो, दुकानाला असतो; झोपडीतल्या पिठाच्या डब्याला नसतो. गावातल्या पुरातून निघून शहरातल्या पुरात येणे, याला स्थलांतर म्हणायचे की जोखमीचे नुसते पत्ता बदलणे म्हणायचे?

६. लाल रेघ

या संशोधनात एक धोकाही दडलेला आहे, आणि तो अमेरिकेच्या उदाहरणाने समजतो. १९३३ साली अमेरिकेत गृहकर्जांसाठी एक सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याने शहरांचे नकाशे करून वस्त्यांची प्रतवारी लावली. कर्ज बुडण्याची ‘जोखीम’ जिथे जास्त तिथे लाल रंग. आणि काळ्या लोकांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, झाडे नाहीत, बागा नाहीत. २०२० साली १०८ अमेरिकी शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की त्या जुन्या लाल वस्त्या आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरीने सुमारे २.६ अंश सेल्सियस अधिक तापतात. कारकुनाने नकाशावर भरलेला रंग नव्वद वर्षांनी उन्हाळा होऊन परतला.

१९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या चळवळीचे नाव घेतले, ते या साम्याच्या जाणिवेतून. आपल्याकडे लाल रेघ ओढायला नकाशाची गरज पडली नाही. गावकूस पुरेसे होते. आता हवामानाच्या जोखमीचे नकाशे तयार होत आहेत. बँकेने उद्या असे म्हटले की, हे गाव पूररेषेत आहे म्हणून येथे पीककर्ज कमी, घरकर्ज नाही. तर ते गणिताने बरोबर असेल आणि न्यायाने चूक असेल. नकाशा संरक्षण आधी कोठे पोचवायचे हे सांगण्यासाठी वापरता येतो आणि पैसा कोठून काढून घ्यायचा हे सांगण्यासाठीही. तो कोणत्या हातात आहे यावर सारे अवलंबून आहे.

७. बाबासाहेबांनी घातलेला पाया

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. ही गोष्ट या जिल्ह्यात आजही बोलली जाते. तिच्याइतकेच बोलले जावे असे त्यांचे काही अर्थविचार आहेत. १९१८ साली त्यांनी लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना दाखवले की, जमिनीचा तुकडा लहान आहे हा मूळ रोग नाही. शेतीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार आणि भांडवलाचा अभाव हा रोग आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी नद्यांविषयी मांडले की, पुराचे पाणी शत्रू समजून समुद्राकडे हाकलण्यापेक्षा ते साठवून संपत्ती म्हणून वापरावे. पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने माणसे अधिक भोगतात.

आणि १९४७च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी एकत्र मागितल्या. शेती हा शासनाचा उद्योग असावा. जमीन जातिधर्मभेदाशिवाय गावकऱ्यांना कसायला द्यावी, म्हणजे मालक, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरणार नाहीत. पाणी, अवजारे, खत, बियाणे यांचा खर्च शासनाने करावा. त्याच कलमात विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरलाच पाहिजे, अशी तरतूद आहे. विम्याचा आधार येथे वेतन आहे, जमिनीचा तुकडा नाही. ही योजना जशीच्या तशी आज लागू करावी की नाही यावर वाद होऊ शकतो. पण राबणारा माणूस हा संरक्षणाचा एकक धरावा, हा तिचा गाभा आज विद्यापीठांना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

महाराष्ट्राने हे उत्तर एकदा अर्धेमुर्धे अमलात आणलेही. १९७२च्या दुष्काळात लाखो हात कामाला लागले आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५च्या राष्ट्रीय कायद्याने हे तत्त्व देशभर नेले. पंचनामा नको, सातबारा नको. काम मागितले की काम. रोजगार हमी हा भूमिहीनाचा हवामान-विमा होता. तिला नुसती खड्डे खणण्याची योजना म्हणून हिणवणाऱ्यांना हे कधी कळले नाही. २०२३ साली गुजरातेत ‘सेवा’ या असंघटित स्त्री-कामगारांच्या संघटनेने उष्णतेचा विमा सुरू केला. तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेले की नुकसान सिद्ध न करता बाईच्या खात्यात पैसे जमा होतात. प्रयोग लहान आहे, पण तत्त्व तेच आहे: दिवस मोजा, मालमत्ता मोजू नका.

८. करण्यासारखे

मग कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी काय करावे? पहिले, पीक कापणी प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होतात याची माहिती मागून तिथे हजर राहावे. सरासरी तिथे जन्माला येते. दुसरे, ठेक्याने कसणाऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचून ठरावात नोंदवावी, म्हणजे मालकाच्या मर्जीबाहेरचा एक कागद तयार होईल. तिसरे, नदीकाठच्या गावांचे विमा क्षेत्र मंडळाऐवजी गाव असावे, ही मागणी उदाहरणासह करावी. वर दिलेला हिशेब फळ्यावर मांडला तरी सभेला कळतो. चौथे, धरणाचे पाणी सोडण्याची सूचना गावकुसाबाहेरच्या वस्तीत किती वाजता पोचली याची नोंद ठेवावी.

पाचवे काम महाविद्यालयांचे आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील विद्यार्थ्यांनी एका हंगामात पन्नास मजूर घरांचे बुडालेले दिवस लिहून काढले: पाऊस न आल्याने किती, पुराने किती, उन्हाने किती, आजारपणाने किती, तर ज्या संशोधनात आज इमारतींचे आकडे आहेत त्यात माणसांचे आकडे शिरतील. त्यासाठी उपग्रह लागत नाही. वही लागते, आणि विचारायला जाणारा लागतो.

ज्ञान कोणाचे, हा प्रश्न आपल्या चळवळीने धर्माला विचारला, इतिहासाला विचारला, साहित्याला विचारला. आता तो हवामानाच्या आणि पैशाच्या शास्त्राला विचारण्याची वेळ आली आहे. आपले बुडालेले दिवस आपण मोजले नाहीत तर दुसरे कोणी ते मोजणार नाही. आणि जे मोजले जात नाही त्याची भरपाई कोणतेही शासन देत नाही.